नव्या ट्रेलरचे ब्रेक: कुर्ल्याच्या गॅरेजला पत्र

ह्यूस्टन, टेक्सस

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

घाटकोपरच्या गिऱ्हाइकाचा ट्रेलर तुझ्याकडे आलाय आणि ‘कोरा करकरीत आहे, तरी ब्रेक लागत नाहीत’ अशी त्याची तक्रार आहे, हे समजलं. दोन्ही अ‍ॅक्सल इकडून मागवलेले, ३५०० पौंडी, १० इंची ड्रमचे आणि विजेवर चालणारे. म्हणजे एकूण चार ब्रेक. तक्रार इथल्या नव्या ट्रेलरांचीही हीच असते आणि बहुतेक वेळा कुठलाही भाग खराब झालेला नसतो. पण गिऱ्हाईक कंट्रोलरचा (गाडीत बसवलेली, ट्रेलरच्या ब्रेकांना करंट देणारी पेटी) गेन, म्हणजे करंटचा जोर, वाढवून द्यायला सांगेल, ते करू नकोस. गेन सगळ्यात शेवटी. आधी वाढवलास तर खरा दोष झाकला जाईल आणि बोरघाट उतरताना तो उघडा पडेल.

पद्मिनी टॅक्सीचे ड्रम तू शेकड्यांनी खोललेस, त्यामुळे आतलं बरंचसं ओळखीचं वाटेल: दोन शू, स्प्रिंगा, खाली अ‍ॅडजस्टर. व्हील सिलेंडर मात्र नाही, त्याच्या जागी तरफेच्या टोकाला बसवलेला मॅग्नेट आहे. ब्रेक दाबला की मॅग्नेटला करंट मिळतो आणि तो ड्रमच्या आतल्या सपाट तोंडाला चिकटतो. फिरता ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, तरफ हलते आणि शू ड्रमवर दाबले जातात. म्हणजे शू दाबण्याची ताकद करंटची नसून फिरत्या ड्रमची आहे. म्हणून उभ्या ट्रेलरला करंट दिलास तर मॅग्नेट गुणगुणेल, पण ब्रेक लागला की नाही ते कळणार नाही. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने करंट द्यायचा, तेव्हाच कळतं.

पहिल्यांदा बघ अ‍ॅक्सल उलटे तर बसवले नाहीत ना. ट्रेलर मुंबईत बांधलाय, म्हणून ही शंका घ्यायलाच हवी. ड्रम काढल्यावर दोन शूंवरचे लायनर (ड्रमवर घासणारे पट्टे) सारखे दिसणार नाहीत, एक आखूड असेल आणि एक लांब. आखूड लायनरचा शू गाडीच्या पुढच्या बाजूला हवा. तो मागे असेल तर अ‍ॅक्सल अर्धा फेरा फिरवून बसवलाय किंवा डाव्या-उजव्या बॅक प्लेट (शू ज्यावर बसवलेले असतात त्या पाठीमागच्या थाळ्या) आपसात बदलल्यात. अशा ट्रेलरला ब्रेक लागतो, पण रिव्हर्समध्ये लागावा तसा अर्धामुर्धा. कितीही अ‍ॅडजस्ट केलंस तरी सुधारणार नाही. यावर उपाय एकच, बॅक प्लेट सोडवून बाजू बदलणं.

उचलताना जॅक फ्रेमखाली लाव, अ‍ॅक्सलच्या नळीखाली नको. नळीला मुद्दाम थोडा वरचा बाक दिलेला असतो, तो बिघडला की टायर एका कडेने झिजतात. खाली आधाराच्या घोड्या लाव, दुसऱ्या बाजूच्या चाकांना ठोकळे लाव. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नकोस आणि पोरांनाही उडवू देऊ नकोस. ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची.

ड्रम उघडाच आहे तर ग्रीस शोध. नव्या ट्रेलरमध्ये हा दोष मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो बाहेरून दिसत नाही. या अ‍ॅक्सलच्या टोकाला रबरी टोपीखाली ग्रीस निपल असतं. बसवणाऱ्याने चाक न फिरवता गनने भसाभस ग्रीस मारलं की ते मागच्या सीलमधून ड्रममध्ये शिरतं. लायनरला ग्रीस लागलं असेल तर पेट्रोलने धुऊन किंवा पॉलिश पेपरने घासून परत बसवू नकोस. लायनर ग्रीस शोषून घेतो आणि तापला की पुन्हा बाहेर टाकतो. शू बदलायचे, तेही अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे, म्हणजे गाडी एकीकडे ओढणार नाही. सील नवा टाक. मॅग्नेट आणि ड्रम मात्र धुऊन चालतात. पुढे बेअरिंगला हातानेच ग्रीस भरलेलं बरं.

ड्रम परत चढवताना बेअरिंगचा नट चाक फिरवत फिरवत ५० फूट-पौंडांपर्यंत आवळ, मग पूर्ण ढिला कर, हब न हलवता फक्त बोटांनी घट्ट कर आणि नवी स्प्लिट पिन घाल. नट बोटांपेक्षा जास्त कसला तर बेअरिंग जळेल.

आता अ‍ॅडजस्टमेंट. बॅक प्लेटच्या तळाशी खाच आहे, तिच्यातून अ‍ॅडजस्टरची दातेरी चकती दिसते. चाक पुढच्या दिशेने फिरवत चकती टाइट कर, चाक हाताने फिरवणं फार जड जाईपर्यंत. मग ८ ते १० दाते मागे सोड. चाक मोकळं फिरायला हवं, पण लायनर हलकासा घासल्याचा आवाज यायला हवा. चारही चाकांवर तोच आवाज, तोच जोर. काही अ‍ॅक्सलना आपोआप अ‍ॅडजस्ट होणारे ब्रेक असतात, तेव्हा आधी तुझ्याकडचे कोणते ते बघून घे. साधे असतील तर कारखान्यातून ते सैल आलेले असण्याची शक्यता बरीच. शू ड्रमपासून लांब असला की तरफ आपल्या टोकापर्यंत हलते आणि तरीही दाब पुरेसा येत नाही. पहिल्या ३०० किलोमीटरनंतर ही अ‍ॅडजस्टमेंट पुन्हा करावी लागते आणि पुढे दर ५००० किलोमीटरला. गिऱ्हाइकाला हे बिलावरच लिहून दे.

वायरिंगचं काम तुझ्या पोरावर सोपव, त्याचा हात त्यात चांगला आहे. त्याला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागेल, फक्त एसीचा चालणार नाही. लॅमिंग्टन रोडला मिळेल. सात पिनांचा प्लग गाडीतून काढायचा. या प्लगमध्ये ब्रेकची वायर निळी आणि अर्थची पांढरी असते, पण बांधणाऱ्याने रंग पाळलेत का ते आधी तपासा. पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीने त्या दोघींना थेट करंट द्यायचा आणि निळ्या वायरीवर मीटर लावायचा. एका मॅग्नेटला साधारण ३ अँपिअर लागतात, म्हणून चारांचे मिळून १२ च्या आसपास किंवा थोडे वर दिसायला हवेत. ९ दिसले तर एक मॅग्नेट मेलाय. ६ दिसले तर दोन बंद आहेत, आणि ते एकाच अ‍ॅक्सलचे किंवा एकाच बाजूचे असतील तर मॅग्नेट नव्हे, जोड शोधा. आकडा १२ च्या फार वर गेला तर वायर कुठेतरी सोलून लोखंडाला लागतेय. डावीकडून उजवीकडे जाणारी वायर बऱ्याचदा अ‍ॅक्सलच्या पोकळ नळीतून ओढलेली असते आणि आत हलून हलून घासते. माझं ऐकशील तर ती नळीतून काढून टाका आणि बाहेरून, स्लीव्ह घालून, क्लिपांनी बांधून न्या.

सुट्या केलेल्या मॅग्नेटचा रेझिस्टन्स सव्वातीन ओहमच्या आसपास यायला हवा. त्याची एक वायर आणि त्याची धातूची बॉडी यांच्यात मीटरने काही दाखवलं तर तो बाद. दोन वायरींत प्लस-मायनस नसतं, कुठलीही कुठेही चालते.

करंट कमी आणि मॅग्नेट ठीक, तर दोष वायरीच्या जाडीत किंवा अर्थमध्ये. मोजायला सोपं आहे: बॅटरी जोडलेली असतानाच मॅग्नेटच्या दोन वायरींवर व्होल्टेज बघायचं. ८ मीटर लांब, १.५ एमएमच्या वायरीतून १२ अँपिअर नेले तर एकट्या त्या वायरीत १.१ व्होल्ट जातात, ४ एमएमच्या वायरीत ०.४. परतीच्या वायरीत तेवढेच पुन्हा. म्हणून लोहार चाळीतून ४ एमएमची लवचिक तांब्याची वायर आण आणि अर्थसाठीही तीच जाडी वापर. ट्रेलरचा अर्थ हिचच्या (ट्रेलर गाडीला जोडायच्या सांध्याच्या) गोळ्यावर सोडू नका. जोड सोल्डर करून वर स्लीव्ह तापवून बसवा. दाबून वायरीत पातं घुसवणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा एका पावसाळ्यात हिरव्या होतात.

कंट्रोलरलाही प्लस गाडीच्या बॅटरीवरून वेगळ्या सर्किट ब्रेकरमधून हवा (चार ब्रेकांना २० अँपिअरचा), आणि त्याची पांढरी वायर थेट बॅटरीच्या मायनसला. लाल वायर ब्रेक लाइटच्या स्विचवर, ब्रेक दाबल्यावरच जिथे करंट येतो त्या टोकाला.

एवढं सगळं बरोबर निघालं तरी ब्रेक पहिल्या दिवशी कमीच वाटतील. नव्या लायनरची गोलाई ड्रमशी तंतोतंत जुळलेली नसते. फक्त उंचवटे टेकतात. मॅग्नेटचं तोंडही ड्रमशी अजून बसलेलं नसतं. पनवेलच्या पुढे मोकळा, सपाट रस्ता बघून रविवारी पहाटे काढ. ६५ च्या वेगावर कंट्रोलरचा हाताने चालवायचा दांडा दाबून, गाडीचा ब्रेक न लावता, वेग ३० पर्यंत आणायचा. असं २० ते ३० वेळा, पण प्रत्येक वेळी मध्ये एक-दोन किलोमीटर नुसतं चालवून ड्रम थंड होऊ द्यायचे. घाई केली तर लायनर तापून वरून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग धरत नाही. वाटेत थांबून हबवर इन्फ्रारेड थर्मामीटर धर. चारही जवळपास सारखे तापलेले हवेत. एक थंड असेल तर तो ब्रेक काम करत नाही, एकच फार गरम असेल तर तो घासतोय किंवा बेअरिंग जास्त कसलंय. चाकांचे नटही १५, ४० आणि ८० किलोमीटरवर पुन्हा आवळ. अर्ध्या इंची स्टडला ९० ते १२० फूट-पौंड.

मग गेन. सामान भरलेलं हवं, रस्ता कोरडा. ४० च्या वेगात दांडा पूर्ण दाबायचा. चाकं जाम होत नसतील तर गेन थोडा वाढवायचा, झाली तर थोडा उतरवायचा, जाम होण्याच्या जरासं अलीकडे थांबायचं. रिकामा ट्रेलर ओढताना गेन कमी करावा लागतो, हे गिऱ्हाइकाला गाडीत बसवून दाखव. पावसाळ्यात महिनाभर उभा राहिला तर ड्रमला गंज धरतो आणि पहिले चार-पाच ब्रेक झटक्याने लागतात. तेवढ्यावरून गेन उतरवायचा नाही.

ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा पिनवाला स्विच विसरू नकोस. प्लग काढून ठेवूनच पिन ओढून बघ, नाहीतर उलटा करंट कंट्रोलरमध्ये जाऊ शकतो. पिन ओढल्यावर उचललेलं चाक हाताने फिरता कामा नये. तार गाडीच्या फ्रेमला बांध, गोळ्याला किंवा साखळीला नाही, आणि वळणावर ताणली जाणार नाही एवढी सैल. हा स्विच ट्रेलरच्या बॅटरीवर चालतो, बॅटरी मेलेली असेल तर तोही मेलेला. हँडब्रेक म्हणून तो वापरायचा नाही, मॅग्नेट तापतात आणि बॅटरी उतरते.

चारही मॅग्नेटचे ओहम, एकूण अँपिअर आणि मॅग्नेटवरचं व्होल्टेज मला लिहून पाठव, सोबत ड्रम उघडलेले चारही फोटो. शू किंवा सील लागणार असतील तर अ‍ॅक्सलवरच्या चिकटपट्टीचा नंबरही पाठव, पुढच्या महिन्यात इकडून येणाऱ्याच्या सामानात देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईला सांग, फोन शनिवारी करतो.

तुझा,
बाळू