काकडीचा बाक कुणाच्या नावावर? युरोपियन कमिशनच्या अध्यक्षांना खुले पत्र

उर्सुला फॉन डेर लायेन मॅडम,

तुमच्याबद्दल पेपरात जे छापून येतं त्यावर तुमचं ऑफिस खुलासे काढतं, ते कोण वाचतं हो? ब्रसेल्सने (म्हणजे तिथून चालणाऱ्या युरोपियन युनियनने) वाकडी केळी बॅन केली ही बातमी ब्रिटनच्या पेपरांनी वर्षानुवर्षं चालवली. १९९४ च्या नियमात होतं एवढंच की केळं किमान १४ सेंटीमीटर असावं आणि त्याला भलताच बाक नसावा, त्यातही खालच्या दर्जाच्या मालाला आकारात सूट होतीच. बंदी कुठेच नव्हती.

पण पेपरवाल्यांनी सगळंच हवेतून काढलं असंही नाही हां. काकडीचा नियम खराच होता, १९८८ चा, वरच्या दर्जाची काकडी १० सेंटीमीटरमागे १० मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेली चालायची नाही. ऐकायला येडेपणा वाटतो पण व्यापाऱ्यांना तेच हवं होतं, सरळ काकड्या असल्या की एका खोक्यात किती बसतात ते मोजत बसायला नको. आणि २००८ मध्ये कमिशन हा नियम काढायला निघालं तर बऱ्याच सदस्य देशांनीच नको म्हटलं! हसू झालं ब्रसेल्सचं आणि नियम हवा होता या लोकांना, ही खरी बातमी होती, ती कितीशा लोकांपर्यंत पोचली?

२०१९ चं तर विचारूच नका. तुम्ही खुर्चीवर यायच्या थोडं आधी बोरिस जॉन्सन (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले ते, हे स्वतः एकेकाळी ब्रसेल्सहून बातम्या पाठवायचे) भर सभेत धुरी दिलेला मासा नाचवत म्हणाले, पार्सलमध्ये बर्फाची पिशवी घालायची सक्ती ब्रसेल्सची. नंतर कमिशनने सांगितलं की तो नियम ब्रिटनचा स्वतःचाच. पण तोवर माशाचा फोटो सगळीकडे फिरून आला होता.

तर मॅडम, पेपरांवर चिडून काही होणार नाही, निम्मी चूक तुमच्याकडची आहे. सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत कायद्यावर कुणी काय मत दिलं ते तरी जाहीर होतं, पण काकडीसारखे बारके नियम देशांच्या प्रतिनिधींच्या ज्या कमिट्यांत ठरतात तिथे कुठला देश काय म्हणाला ते बाहेर येतच नाही, मग मंत्री घरी जाऊन बिनधास्त तुमच्या नावाने खडे फोडतात आणि पेपर तेच छापतात. ती मतं देशाच्या नावासकट जाहीर करा, आणि प्रेस नोटच्या पहिल्याच ओळीत लिहा की हा नियम मागितला कुणी. खुलाशाचं नंतर बघू.

एक पेपर वाचणारा