ताई, तुझी निळी वही

हॅमिल्टन, ऑन्टारिओ
१६ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माझा आवाज उतरलेला वाटला म्हणालीस, ते खरंच होतं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंची नोकरी गेली. मूळच्या सोमालियाच्या, अठरा वर्षं हेच काम करत होत्या. इथल्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरवलं की २०२५ साली ५,००,००० ऐवजी ३,९५,००० लोकांनाच कायम वास्तव्य द्यायचं. माणसं कमी येणार म्हणून नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या आमच्यासारख्या संस्थांचा निधीही आटला. शेवटच्या दिवशी बाईंनी खण रिकामा केला आणि किल्ली दिली. पण उन्हाळ्यात आलेल्या मुलाचं नाव शाळेत घालायचं तर कुणाला भेटायचं, नव्या माणसाला कुठला घरमालक घर देतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ते त्यांच्याबरोबर गेलं.

त्या रात्री तुझी अंगणवाडीतली निळी वही डोळ्यांसमोर येत राहिली. कुणाच्या घरी मोबाइल दिवसा नवऱ्याकडे असतो, कुठल्या वस्तीवर रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं, कुणाच्या आधारवर अजून माहेरचं नाव आहे. २०२१ साली राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा तू चिडून म्हणाली होतीस, ॲप इंग्रजीत, फोन मधेच बंद पडतो, आणि हिशेब मात्र आमच्या कामाचा. ताई, माझं काम तुझ्या कामाच्या किती जवळचं आहे, हे मला इथं आल्यावर कळलं.

नव्याने आलेल्या कुटुंबाचं बस्तान बसेपर्यंत आम्ही सोबत असतो. नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर, हेल्थ कार्ड, इंग्रजीचे मोफत वर्ग, नोकरीचा अर्ज. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे हे सगळं एका आठवड्यात फोनवर आलं. चार मुलं, एक मोबाइल, त्यावरच शाळा आणि त्यावरच आईचा इंग्रजीचा वर्ग. तेव्हा आम्ही शिकलो की लिंक पाठवण्याआधी फोन करायचा आणि 'घरात मोबाइल किती, नेट कुणाचं' हे आधी विचारायचं. ज्यांना स्वतःची भाषासुद्धा वाचता येत नाही त्यांना बोलून निरोप पाठवायचा. काही ग्रंथालयं वाय-फायचं यंत्र घरी नेऊ देतात, हेही तेव्हाच कळलं. पण प्रत्येक संस्था हे आपापलं, ठेचा खात शिकली. पलीकडच्या गावातली संस्था तोच धडा तीन महिन्यांनी शिकत होती.

एकदा एका अफगाण बाईच्या पासपोर्टवर एकच शब्द होता, तिचं नाव. आडनाव नाहीच. इमिग्रेशन खात्याचा नियम साधा आहे: एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात लिहायचं आणि दुसरा रकाना कोरा ठेवायचा. पण बाकीचे ऑनलाइन फॉर्म कोरा रकाना घेतच नाहीत. दोन दुपारी त्यात गेल्या. नंतर एका बैठकीत कळलं की दुसऱ्या संस्थेतल्या मुलीने यावर अर्ध्या पानाची टिपण कधीच लिहून ठेवली होती. मला रडू आलं. आपल्या माणसांचंही तेच होतं. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं, आणि इथं दवाखान्यात दोन्ही नावांनी पुकारा होतो.

भाषांतराचं तर विचारूच नकोस. इथं कायम वास्तव्य मिळणं याला जुने लोक 'लँडिंग' म्हणतात. फॉर्मवरच्या 'लँडिंगच्या तारखे'चं मशीनने मराठी केलं, 'विमान उतरल्याची तारीख'. पुण्याहून आधी शिकायला आलेल्या आणि चार वर्षांनी कायम झालेल्या मुलाने साहजिकच पहिली तारीख लिहिली असती. तेव्हापासून मी अशा शब्दांची यादी करतेय आणि ती सगळ्यांना देते. दारी, अरबी, युक्रेनियन बोलणाऱ्या सहकाऱ्यांनीही आपापल्या याद्या काढल्या.

मग लोक आपलं शिकलेलं वाटून का घेत नाहीत? मला वाटतं, सरकारी निधीसाठी संस्था एकमेकींशी स्पर्धा करतात. आपली युक्ती दुसरीला दिली तर पुढचं कंत्राट तिलाच मिळेल, ही भीती असते. शिवाय सरकारी प्रणालीत आम्ही किती जणांना कोणती सेवा दिली ते भरतो. ती देताना काय उमगलं, याला तिथं रकाना नाही. ऑन्टारिओतल्या संस्थांची ओकासी नावाची संघटना १९७८ पासून आहे, तिच्यामुळे प्रशिक्षण तरी मिळतं. विद्यापीठांत संशोधनही होतं, पण शंभर पानी अहवाल माझ्यासारखीने वाचायचा कधी? आणि ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या कुटुंबांना पुढे काय निघालं हे कुणी सांगत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून आम्ही सहा संस्थांतल्या नऊ जणी महिन्याच्या पहिल्या गुरुवारी व्हिडिओ कॉलवर भेटतो. एकीने एक अहवाल वाचून दहा मिनिटांत सांगायचा, बाकीच्यांनी त्या महिन्यात फसलेली एक गोष्ट आणि जमलेली एक गोष्ट. फसलेलीच जास्त उपयोगी पडते. मागच्या वेळी मी कबूल केलं की घाईत एका कुटुंबाच्या पासपोर्टांचे फोटो माझ्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर घेतले होते. निर्वासित माणसाची कागदपत्रं कुणाच्या फोनमध्ये पडून राहणं किती धोक्याचं असतं, ते मला माहीत असूनही. त्यानंतर आणखी तिघींनी हेच सांगितलं. आता सगळ्या ऑफिसांत कागद घेण्याची सुरक्षित सोय मागायचं ठरलंय.

पुढच्या भेटीत मला तुझ्या वहीबद्दल सांगायचं आहे. मोबाइल एक आणि माणसं पाच, अशा घरात निरोप बाईपर्यंत कसा पोचवायचा, हे तुझ्याइतकं इथं कुणाला ठाऊक नाही. पाच-सहा पानांचे फोटो पाठवशील? बायकांची नावं आणि आधार नंबर मात्र कागदाने झाकून घे.

आईचा गुडघा कसा आहे ते लिही. भाऊजींना नमस्कार, पिंट्याला गोड पापा. इथं या महिन्यात पहिला बर्फ पडला.

तुझी,
मनू