शोध घेण्याआधी कागद घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘बडोद्याच्या इतिहासावर ऑनलाइन काही सापडतच नाही,’ असं एम.ए., पीएच.डी. करणारी मुलं सांगतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. मी निवृत्त ग्रंथपाल, त्यामुळे आमच्या दांडिया बाजारातली मुलं लॅपटॉप घेऊन घरी येतात. साहित्य भरपूर आहे. ते शोधायचं कसं, हे त्यांना कुणी बसून शिकवलेलंच नसतं.

परवा आलेल्या मुलीचा विषय होता सयाजीराव महाराजांच्या काळातलं स्त्रीशिक्षण. तिने अख्खं इंग्रजी वाक्यच टाइप केलं होतं. आम्ही आधी कागदावर तीन रकाने पाडले: ठिकाण, राजघराणं, शिक्षण. मग प्रत्येकाखाली त्या काळचे शब्द लिहिले. शहर अधिकृतपणे वडोदरा झालं १९७४ मध्ये. जुन्या इंग्रजी अहवालांत ‘बरोडा’च मिळणार. गायकवाड या राजघराण्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी आज ‘डी’ असतो, ब्रिटिशांच्या कागदांत बहुतेकदा ‘आर’, आणि एकोणिसाव्या शतकात तर ‘गुइकोवार’ असंही छापलेलं दिसतं. आपण ‘विमेन्स एज्युकेशन’ शोधतो; तेव्हाचे अधिकारी ‘फीमेल एज्युकेशन’ लिहीत. एका रकान्यातले पर्याय ‘ऑर’ने (यांपैकी कोणताही चालेल) जोडून कंसात टाकायचे, मग तिन्ही कंस ‘अँड’ने (तिन्ही हवेत) जोडायचे. दोन शब्दांची नावं अवतरणचिन्हांत. कंस टाकायचे राहिले तर भलतंच काही समोर येतं.

बडोद्याच्या अभ्यासकाला आणखी एक अडचण येते, ती बँकेची. महाराजांनीच १९०८ मध्ये स्थापलेल्या बँक ऑफ बडोदावरचे लेख ढिगाने पुढे येतात. ‘नॉट’ (हा शब्द नको) लावून ‘बँक’ असलेले लेखच काढून टाकावेसे वाटतात. पण मग शिक्षणावरचा एखादा उत्तम लेखही, त्यात बँकेचा ओझरता उल्लेख आहे एवढ्यावरून, गळतो. म्हणून ‘नॉट’ फक्त लेखाच्या शीर्षकापुरता लावावा. एक चांगला लेख हाती आला की त्याला दिलेले विषयशब्द उचलून पुन्हा शोधावं. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचता येतात, तिथेही हाच रकान्यांचा कागद कामी येतो.

महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावलं, ग्रंथालयांचं जाळं उभारलं, ग्रंथपालांचे प्रशिक्षणवर्ग सुरू केले. त्याच शहरातल्या महाविद्यालयांनी पहिल्या सत्रात, विषय नक्की होण्याआधी, एवढं तरी शिकवावं. मी विनामूल्य शिकवायला तयार आहे.

– एक निवृत्त ग्रंथपाल, दांडिया बाजार, बडोदे