तुतारीचं तिकीट आणि मोटारीचा धूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

15 ऑक्टोबरला सावंतवाडीहून मुंबईला यायला निघायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण 16 ऑगस्टला सकाळी 8 वाजता उघडेल. मुदत आता 120 नाही, 60 दिवसांची आहे आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. बाबा, तुमचं आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा. त्याशिवाय पहिल्या दिवशी सुरुवातीला ऑनलाइन तिकीट काढता येत नाही.

दादरची तुतारी एक्स्प्रेसच घ्या. ती सावंतवाडीहूनच सुटते, म्हणून वेटिंग लागलं तरी ते 'जीएनडब्ल्यूएल', म्हणजे गाडी सुटते तिथलं सर्वसाधारण वेटिंग असतं आणि लवकर सरकतं. मंगळूरकडून येणाऱ्या गाड्यांना मधल्या स्टेशनचा कोटा तुटपुंजा. तिथलं 'आरएलडब्ल्यूएल' (मधल्या स्टेशनांचं) किंवा 'पीक्यूडब्ल्यूएल' (अनेक स्टेशनांच्या सामायिक कोट्याचं) वेटिंग बहुतेकदा अडकून पडतं. शिवाय तुतारी सुपरफास्ट नाही. कोकणकन्येला थ्री-टियर एसीत माणशी 45 रुपये सुपरफास्ट अधिभार पडतो, स्लीपरला 30.

ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुषांना 60, बायकांना 45 वर्षं पूर्ण हवीत. चूक होते ती इथे. लोक 'जनरल' कोट्यातच राहून खालच्या बर्थची नुसती पसंती नोंदवतात आणि वरचा मिळाला की हळहळतात. कोट्याच्या यादीत 'लोअर बर्थ/सीनियर सिटिझन' निवडा. एका तिकिटावर दोघंच चालतात. बरोबर नातू असेल तर त्याचं वेगळं काढा. पैसे यूपीआयने भरा, एसीच्या तिकिटाला सेवाशुल्क 30 ऐवजी 20 रुपये लागतं (जीएसटी वेगळा).

बाबा, मोटारीने यायचं तुमच्या मनात आहे, ठाऊक आहे. साधारण 500 किलोमीटर, लिटरला 15 धरले तरी 33 लिटर पेट्रोल. एक लिटर जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दोघांमागे 76 किलो. चौघं असता तर निदान वाटला गेला असता. गोव्यातल्या मोप्याहून विमानाचंही तेच. एवढ्याशा अंतरात उड्डाण आणि चढाईचंच इंधन भारी पडतं. कोकण रेल्वे 2022 पासून पूर्ण विजेवर आहे. ती वीज अजून बरीचशी कोळशाची, हे खरं, पण एक इंजिन हजारभर माणसं ओढतं.

टू-टियर नको. तेवढ्याच लांबीच्या डब्यात थ्री-टियरला 72 माणसं झोपतात, टू-टियरला पन्नासेक. भाडंही जास्त, माणशी वीजही जास्त. स्लीपर सर्वांत हलका, 80 जणांचा आणि विनाएसी, पण आईचा गुडघा पाहता थ्री-टियर एसीच बरा.

तिकीट झालं की पीएनआर लगेच पाठवा.

तुमची,
लेक