पाचशे स्क्वेअर फूट मिळाले, पण दाराबाहेर काय?

संपादक साहेब, नमस्कार.

मुंबईतल्या जुन्या बीडीडी चाळी पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरचं सगळीकडे कौतुक चाललंय आणि ते व्हायलाच पाहिजे. 160 स्क्वेअर फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्यांना 500 चा फ्लॅट, संडास घरात, ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत 556 कुटुंबांना चाव्या पण मिळाल्या. मला बोलायचंय ते ज्या घरात कमावणारं आणि सांभाळणारं माणूस एकच आहे त्यांच्याबद्दल.

माझी मोठी बहीण, भावजी गेल्यावर दोन पोरं घेऊन नायगावच्या चाळीत राहिली, हॉस्पिटलात आयाची नोकरी, शिफ्ट ड्युटी. पोरं कोणी सांभाळली म्हणाल तर पॅसेजने. बीडीडीत मधोमध पॅसेज, एका मजल्यावर वीस खोल्या, दारं दिवसभर उघडी, पोरगं धडपडलं की समोरची काकू आधी पोचायची, शाळेतून आलं की ज्या घरात जेवण तयार तिथे जेवायचं. पाण्यावरून भांडणं व्हायची आणि नको त्या चौकशा पण व्हायच्या, चाळ म्हणजे काही स्वर्ग नव्हता. पण ही सोय फुकट होती आणि ती कुठल्याच प्लॅनमध्ये दाखवलेली नव्हती म्हणून नवीन प्लॅनमध्ये ती गळाली.

आता चाळीस मजले, लिफ्ट, बंद दारं. सात वर्षांच्या पोराला बाविसाव्या मजल्यावर ठेवून आई किंवा बाप (असे बाप पण आहेत हो) सेकंड शिफ्टला कसे जाणार? गाड्यांसाठी पोडियमचे मजलेच्या मजले निघतात, मग चार-पाच मजल्यांमागे एक उजेडाची, काचेच्या दाराची कॉमन खोली का नाही निघत, जिथे पोरं अभ्यास करतील आणि येणारा-जाणारा बघेल? व्हिएन्नात महिला आर्किटेक्टनी डिझाइन केलेली 357 घरांची वसाहत 1997 मध्ये झाली, किचनमधून अंगणातली पोरं दिसतात, बालवाडी आवारातच, बाबागाडीला सुद्धा जागा. आपल्याकडे एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) नियमात बालवाडी आणि वेल्फेअर हॉल आहेच की, पण आमच्या ओळखीच्या एका बिल्डिंगमध्ये त्या बालवाडीत मंडपवाल्याच्या खुर्च्या भरल्यात.

एकल पालकांची वेगळी बिल्डिंग मात्र बांधू नका, लोक तिला नावं ठेवतील आणि तिथे सगळ्यांचीच शिफ्ट असेल तर कोण कोणाचं पोर बघणार? आजी-आजोबांच्या घरांमध्ये मिसळूनच त्यांना घरं द्या.

दुसरं म्हाडाच्या, म्हणजे सरकारी घरांच्या लॉटरीचं. पत्रकार, कलाकार, आमदार-खासदार सगळ्यांना कोटा आहे, एकल पालकांचा मला तरी कुठे दिसला नाही. घटस्फोट असेल तर कोर्टाचा कागद मागतात, पण कितीतरी जणींचा नवरा नुसता निघून गेलेला असतो, कोर्टाची पायरी चढायला ना पैसा ना रजा, तिने कुठला कागद जोडायचा? वॉर्डातल्या अंगणवाडी ताईंचा दाखला चालवा, त्यांना कोण एकटी आहे ते बरोबर माहीत असतं.

नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींचं काम चालूच आहे, तिथल्या एखाद्या टॉवरमध्ये तरी हे करून बघा. आणि पाळणाघर काढलंत तर प्लीज सहाला बंद करू नका, सहाला बाई अजून दादरच्या ब्रिजवर असते.

— एक वाचक, नायगाव