भाऊंच्या वह्या

नौपाडा, ठाणे
२१ जुलै

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी चरईत भाऊंच्या घरी गेलो होतो. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. वहिनी म्हणाल्या, "माळ्यावरची ट्रंक रिकामी करतेय, रद्दीवाला संध्याकाळी येईल." मी सहज झाकण उघडलं आणि तिथेच फरशीवर बसलो. संग्रहालयाच्या जुन्या वस्तू जतन करायच्या आपल्या प्रयोगशाळेतल्या त्यांच्या अकरा वह्या, नाना! लाल कापडी कण्याच्या. पानांना अजून थायमॉलचा, त्या बुरशी मारणाऱ्या औषधाचा, वास आहे. कपाटात बल्बच्या उबेवर थायमॉल ठेवून आपण कागदांना धुरी द्यायचो, आणि घरी गेल्यावर आई विचारायची, "ओवा कुठे चघळलास रे?"

एक पान जसंच्या तसं उतरवतो. "ब्राँझ, विष्णू. डाव्या खांद्यावर फिकट हिरवी भुकटी. बेंझोट्रायाझोल ३ टक्के, अल्कोहोलमध्ये. पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणे." खाली वेगळ्या शाईत: "दसऱ्यानंतर पाहिले. भुकटी नाही." ती भुकटी म्हणजे ब्राँझचा रोग, आणि बेंझोट्रायाझोल हे तो रोखणारं रसायन. क्लोराइड, म्हणजे मिठातला क्षार, धातूत शिरलं की दमट हवेत ते आतून पोखरत राहतं, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तर विचारूच नको. ती मूर्ती आज धडधाकट उभी आहे. खालच्या पाटीवर शतक आहे, देणगीदाराचं नाव आहे. भाऊंचं नाही.

मोठी माणसं नोंदली गेली आहेत. मद्रासच्या संग्रहालयात १९३० पासून प्रयोगशाळा उभी करणारे परमशिवन, १९७६ मध्ये लखनौला जतनकामाची राष्ट्रीय प्रयोगशाळा काढणारे ओ. पी. अग्रवाल. पण औंध, सांगली, कोल्हापूर अशा ठिकाणच्या संग्रहांत ज्यांनी आयुष्यभर कसर आणि बुरशीशी झुंज दिली, त्यांचं काय? एका संग्रहालयाने तर सामान हलवताना कोणत्या वस्तूवर काय उपचार केले याची जुनी रजिस्टरं किलोवर विकली. मला कळलं तेव्हा दोन रात्री झोप लागली नाही.

आणि हा नुसता नावाचा प्रश्न नाही. अजिंठ्याचंच बघ. १९२० ते २२ या काळात निझाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी रंग धरून राहावेत म्हणून लाखेचा लेप दिला. पुढे तो पिवळा पडला, चित्रं झाकोळली, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो चिकाटीने काढत बसावं लागलं. निदान लेप कशाचा, हे ठाऊक तरी होतं. जिथे नोंदच नाही, तिथे पुढचा माणूस कापसाचा बोळा कोणत्या द्रावणात बुडवणार?

म्हणून मी ठरवलंय. सगळ्या वह्यांचे फोटो काढायचे, मजकूर युनिकोडमध्ये टंकायचा आणि इंटरनेटवर खुला ठेवायचा. वहिनींनी आनंदाने परवानगी दिली. सकाळी खिडकीच्या उजेडात मी पानं धरतो, नात मोबाइलने फोटो काढते. शिवाय ठाण्यात, वाशीत, ऐरोलीत आपल्या काळातली जी मंडळी आहेत, त्यांचा आवाज रेकॉर्ड करतोय. कळव्याच्या एका बाईंनी जीर्ण पैठणीला मागून शिफॉनचं अस्तर कसं लावायचं, हे हातवारे करत सांगितलं. मी मुकाट ऐकत राहिलो.

एकाने सुचवलं, चुका गाळ. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पातळ पापुद्रा अ‍ॅसिटोनने जुन्या कागदांवर चिकटवून आपण केलेलं लॅमिनेशन आठवतं? आज फार कमी जण ते करतील. पण ते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून आलेलं त्या काळचं मान्य तंत्र होतं, आणि ते दप्तर उद्या कुणीतरी उघडणारच आहे. मी एक ओळसुद्धा गाळणार नाही.

आता तुझ्याकडे काम. १९८० च्या आसपासच्या वहीत जागोजागी एकच नोंद आहे: "खळ शिपायाने केली." गव्हाच्या सत्त्वाची ती खळ, लवंगेचं तेल घातलेली, गुठळी म्हणून नाही. भाऊंना स्वतःला तशी जमायची नाही. तू त्या शिपाईमामांबरोबर डबा खायचास. त्यांचं आडनाव काय होतं रे? गाव कोणतं? मला नुसता चेहरा आठवतो आणि खळ ढवळणारा हात. आठवलं की रात्री-बेरात्री कधीही फोन कर.

तुझा,
बापू