लोदच्या मराठी माणसांना फोन लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इस्रायल-गाझाच्या बातम्या तुमच्या पेपरात मी रोज वाचतो, किती बॉम्ब पडले, नेतन्याहू काय बोलले सगळं असतं, पण तिथली साधी अरब आणि ज्यू माणसं मिळून काय करतायत यावर दोन ओळीसुद्धा नसतात, म्हणून हे पत्र.

विव्हियन सिल्व्हर हे नाव आपल्याकडे किती जणांना माहितीये? जन्म कॅनडातला, राहायच्या गाझाच्या हद्दीला लागून असलेल्या बेएरी किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वस्तीत. अमल एलसाना या बेदुइन बाईंच्या जोडीनं त्यांनी बेर्शेबात बरीच वर्षं संस्था चालवली. शिवाय पॅलेस्टिनी पेशंटना, त्यात कितीतरी लहान पोरं, चेकपॉइंटवरून स्वतःच्या गाडीत घेऊन इस्रायली हॉस्पिटलात पोचवायच्या. हे काम 'रोड टू रिकव्हरी' या संस्थेचं, 2010 मध्ये युवाल रोथ यांनी सुरू केलेलं, आणि या रोथ यांच्या सख्ख्या भावाला हमासनं मारलं होतं! हे कळल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो. 7 ऑक्टोबर 2023 ला विव्हियनबाई घरातच मारल्या गेल्या, वय 74. महिनाभर सगळे समजत होते की ओलीस नेलंय. गाझातून पेशंट आणणं तेव्हापासून बंद पडलं, पण वेस्ट बँकच्या पेशंटसाठी गाड्या थोड्याच दिवसांत परत निघाल्या.

'स्टँडिंग टुगेदर'वाले पण बघा, 2015 पासून अरब-ज्यू एकत्र, ताशी किमान 40 शेकेल (इस्रायली चलन) पगार द्या म्हणून भांडले कारण पगार दोघांनाही पुरत नाही, आणि 2024 मध्ये गाझाला धान्य नेणारे ट्रक काही कट्टर इस्रायली लोक फोडत होते तर वेस्ट बँकच्या हद्दीवरच्या तारकुमिया चेकपॉइंटला जांभळी जॅकेटं घालून मध्ये उभे राहिले.

हे आपल्याला लांबचं नाहीये. आमच्या रायगडातून गेलेले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, इस्रायलमधल्या लोदमध्ये राहतात, आणि लोद म्हणजे अरब-ज्यू शेजारी-शेजारी असलेलं गाव. मे 2021 ला तिथे दंगल पेटली, डोक्यात दगड लागून एक ज्यू गृहस्थ गेले, घरच्यांनी अवयव दिले आणि त्यांची किडनी एका अरब बाईंना बसवली.

तिथल्या कितीतरी घरांत अजून मराठी बोलतात. तुमच्या वार्ताहरानं फोन करून एवढंच विचारावं, की जिन्यात समोरचा अरब शेजारी भेटला की आता काय बोलणं होतं, आणि ते छापावं.

आपला,
एक जुना वाचक, रेवदंडा